मत्स्यपेटीतील कोरिडोरास आणि गंगेतील सकर

सप्टेंबर २०२० मध्ये वाराणसीजवळ गंगेच्या पात्रात एक चमत्कारिक मासा सापडला. अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या कठीण चकत्या, पाठीवर शिडासारखा उंच पर आणि तोंड डोक्याच्या खालच्या बाजूस, एखाद्या चोषकासारखे. रोहू, कतला, टेंगरा हे गंगेतील मासे काशीच्या मल्लाहांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या परिचयाचे. हा मासा मात्र त्यांपैकी कोणत्याही कुळात बसत नव्हता. काशी हिंदू विश्वविद्यालयातील तज्ज्ञांनी तो सकरमाउथ कॅटफिश असल्याचे आणि त्याचे मूळ स्थान दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यात असल्याचे सांगितले. ॲमेझॉन आणि गंगा यांच्यामध्ये दोन महासागर आहेत. गोड्या पाण्यातील हा मासा ते ओलांडून येणे शक्य नाही. असा मासा भारतात येतो तो प्लॅस्टिकच्या पिशवीतून, शोभेच्या माशांच्या दुकानात. आणि तेथून कोणाच्या तरी दिवाणखान्यातील काचेच्या पेटीमार्गे नदीत.

या घटनेच्या बातम्यांमध्ये ‘राक्षसी’, ‘मांसभक्षक’ अशी विशेषणे सढळपणे वापरली गेली. वस्तुतः हा मासा मुख्यत्वे शेवाळ आणि तळाचा गाळ खाऊन जगतो. तरीही त्याचे गंगेत असणे चिंताजनकच आहे. त्याची कारणे पुढे येतील. परंतु एवढ्यावरून दक्षिण अमेरिकेतील सर्वच मिशाळ मासे घरात ठेवण्यास अयोग्य, असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. याच सकरचे एक दूरचे नातलग कुटुंब आकाराने लहान, स्वभावाने शांत आणि घरगुती मत्स्यपेटीत आयुष्यभर मावणारे आहे. त्याचे नाव कोरिडोरास. छंद जोपासणारे त्यास लाडाने ‘कोरी’ म्हणतात. मत्स्यपेटी ठेवू इच्छिणाऱ्या, विशेषतः वाराणसीसारख्या नदीकाठच्या शहरात राहणाऱ्या कुटुंबास दुकानात या दोघांपैकी नेमका कोणता मासा आपण घेत आहोत, हे कळणे अत्यंत आवश्यक आहे.

दुकानातील गोंधळ

शोभेच्या माशांच्या दुकानात सकरचे पिल्लू बोटाएवढे असते. तपकिरी अंगावर काळसर नक्षी, काचेला तोंड लावून निश्चल चिकटून राहण्याची सवय, आणि दुकानदाराचे ठरलेले वाक्य : ‘हा टाकी साफ ठेवतो.’ किंमतही माफक. ग्राहक गोल्डफिशच्या जोडीबरोबर असे एखादे पिल्लू सहज घेऊन जातो. पहिल्या काही महिन्यांत ते खरोखरच शेवाळ खाते. पुढे मात्र ते झपाट्याने वाढू लागते. एक-दोन वर्षांत फूटभर आणि पूर्ण वाढ झाल्यावर दीड फुटाच्या आसपास. शेवाळाने त्याचे पोट भरेनासे होते आणि साफसफाई करणे तर दूरच, तो स्वतःच पेटीतील सर्वांत जास्त घाण निर्माण करणारा प्राणी ठरतो. झाडे उपटली जातात, काचेवर शेपटीचे फटके बसतात. त्यानंतर घरातील मंडळींची नजर नदीकडे वळते.

कोरिडोरासच्या बहुतेक परिचित जाती पाच ते सात सेंटीमीटरच्या पुढे जात नाहीत. ‘पिग्मी’ नावाची जात तर जेमतेम अडीच सेंटीमीटरची. दोघांतील फरक नवख्यासही ओळखता येतो. सकरचे तोंड म्हणजे गोल चकती. ती काचेला चिकटते. कोरीच्या तोंडाभोवती आखूड मिशांच्या जोड्या असतात आणि त्या खाली वळलेल्या असतात. तो काचेला चिकटत नाही, तळाच्या वाळूत नाक खुपसून हिंडतो. सकरचे अंग चपटे व लांबट, कोरीचे आखूड आणि पाठीशी कमानदार. एकदा दोघे शेजारी पाहिले की पुन्हा चूक होत नाही. खरी फसगत होते ती शेवाळ खाणारा दुसरा छोटा मासा म्हणून सकर गळ्यात मारला जातो तेव्हा. त्याविषयी पुढे.

चिलखतधारी

कोरिडोरास हे नाव फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद याने १८०३ साली दिले. ग्रीक भाषेत ‘कोरिस’ म्हणजे शिरस्त्राण आणि ‘डोरा’ म्हणजे कातडे. नाव सार्थ आहे. या माशाच्या दोन्ही कुशींवर हाडांच्या चकत्यांच्या दोन-दोन ओळी, कौलांसारख्या एकमेकींवर बसलेल्या असतात. पाठीवरील पराच्या आणि छातीजवळच्या परांच्या पुढील कडेस बळकट काटा असून संकटाच्या वेळी तो ताठ करून जागीच अडकवून ठेवता येतो. मोठ्या माशाने गिळण्याचा प्रयत्न केला तर तो काटा त्याच्या घशात रुततो. याच कारणाने कोरीला जाळीने पकडू नये. काटा जाळीच्या धाग्यांत गुंततो आणि सोडवताना मासा जखमी होतो. पारदर्शक वाटी किंवा मोठा पेला पाण्यात धरून त्यास अलगद आत घेणे उत्तम.

या कुळाचा एक सदस्य विज्ञानाच्या इतिहासातही आढळतो. ‘बीगल’ जहाजावरील प्रवासात चार्ल्स डार्विनने दक्षिण अमेरिकेत जे मासे गोळा केले, त्यांत काळ्या-राखाडी ठिपक्यांचा एक छोटा मिशाळ मासा होता. लेनर्ड जेनिन्स याने १८४२ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. आज ‘पेपर्ड कोरी’ या नावाने दुकानांत सर्रास मिळणारा मासा तोच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच पॅरिसमध्ये त्याची पैदास साध्य झाली होती. त्यामुळे ही जात माणसाच्या घरात सुमारे दीडशे वर्षे नांदत आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत संशोधनानंतर कोरिडोरास या एकाच प्रजातीचे अनेक प्रजातींत विभाजन झाले आणि अनेक परिचित माशांची शास्त्रीय नावे बदलली. दुकानदार आणि छांदिष्ट मात्र या सर्वांना पूर्ववत कोरीच म्हणतात. येथेही तेच नाव वापरले आहे.

कोरी पाहणाऱ्यास दोन गोष्टी प्रथम नवलाच्या वाटतात. एक म्हणजे तो डोळा मिचकावतो. माशांना पापण्या नसतात. कोरी बुबुळ क्षणभर खाली फिरवतो आणि पाहणाऱ्यास त्याने डोळा मारल्याचा भास होतो. लहान मुलांना याचे अतोनात कौतुक असते. दुसरी गोष्ट म्हणजे तळाशी शांतपणे चरणारा हा मासा मध्येच बाणासारखा पृष्ठभागाकडे झेपावतो, हवेचा एक घोट घेतो आणि तितक्याच वेगाने परत तळाशी येतो. ही हवा तो गिळतो. आतड्याच्या शेवटच्या भागातील पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या अस्तरातून त्यातील प्राणवायू शोषला जातो आणि उरलेली हवा मागच्या बाजूने बाहेर पडते. कल्ल्यांच्या जोडीला त्यास श्वसनाची ही दुसरी सोय आहे. कोरड्या ऋतूत आटणाऱ्या, प्राणवायू कमी झालेल्या पाण्यात या सोयीने तो तग धरतो.

पालकाच्या दृष्टीने ही माहिती अतिशय उपयोगाची आहे. निरोगी पेटीत कोरी अधूनमधून वर येतो. परंतु सर्वच मासे दर मिनिटाला वर-खाली करू लागले, तर पाण्यात प्राणवायू कमी पडत आहे किंवा पाणी दूषित झाले आहे, असे समजावे. उन्हाळ्यातील वाराणसीत हा इशारा हटकून मिळतो.

वाराणसीचे हवामान, वाराणसीचे पाणी

वाराणसीत मे-जून महिन्यांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, लू वाहते. आणि डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात किमान तापमान चार-पाच अंशांपर्यंत उतरू शकते. कोरीला साधारण २२ ते २६ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. म्हणजे वर्षातील बराच काळ निसर्ग पालकाच्या विरुद्ध बाजूस असतो. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो : २० अंशांना एका लिटरमध्ये सुमारे नऊ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात. त्यातच उष्णतेने माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते.

दुर्गाघाट, ब्रह्माघाट परिसरातील मराठी कुटुंबांची जुनी घरे या बाबतीत भाग्यवान म्हणावी लागतील. जाड दगडी भिंती, मधला चौक आणि अरुंद गल्लीतील सावली यांमुळे आतील खोल्या दुपारीही बऱ्याच थंड राहतात. नव्या वसाहतींतील काँक्रीटच्या सदनिकेत, त्यातही वरच्या मजल्यावर, हा लाभ नाही. तेथे पेटी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर ठेवावी, झाकण काढून त्याऐवजी जाळी बसवावी आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून छोटा पंखा सोडावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी सहज उतरते. कोरड्या मे महिन्यात हा उपाय गुणकारी आहे. जुलैच्या दमट हवेत त्याचा प्रभाव ओसरतो. तेव्हा गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली पेटीत तरंगत ठेवता येते, पण तापमान एकदम खाली येणार नाही अशा बेताने. वीज जाण्याची शक्यता गृहीत धरून बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप घरात असावा. एवढ्या छोट्या वस्तूवाचून उन्हाळ्यातील एका रात्रीत संपूर्ण पेटी रिकामी झाल्याची उदाहरणे छांदिष्टांच्या वर्तुळात नवीन नाहीत.

जातीची निवडही हवामानाप्रमाणे करावी. डार्विनचा पेपर्ड कोरी मूळचा अर्जेंटिना-उरुग्वेकडील. त्यास थंडी चालते, उकाडा सोसत नाही. हिवाळ्यात तो हीटरशिवायही बहुधा सुखरूप राहतो, मे महिना मात्र त्याची परीक्षा पाहतो. पांडासारखे काळे-पांढरे ठिपके असलेला देखणा पांडा कोरीही गारव्याचाच भोक्ता. याउलट स्टर्बाई नावाची जात, गडद अंगावर पांढरे ठिपके आणि छातीजवळ नारिंगी पर असलेली, २८ अंशांपर्यंतचे पाणी आनंदाने सहन करते. गरम घरासाठी तीच अधिक योग्य. किंमत मात्र थोडी जास्त पडते. नवख्या पालकाने काशाच्या रंगाची छटा असलेल्या ब्राँझ कोरीपासून प्रारंभ करावा. ती काटक आहे आणि तिची पैदास मोठ्या प्रमाणावर होत असल्याने ती सहज उपलब्ध होते. तिचा पांढरा, लाल डोळ्यांचा प्रकारही दुकानांत दिसतो.

गंगेच्या मैदानातील बोअरिंगचे पाणी बहुधा जड असते. पिढ्यान्‌पिढ्या पेटीत वाढलेले ब्राँझ आणि पेपर्ड कोरी मध्यम जड पाण्याशी जुळवून घेतात. पाणी फारच जड असल्यास घरातील आरओ यंत्राचे पाणी त्यात काही प्रमाणात मिसळावे. निव्वळ आरओचे पाणी वापरू नये, कारण त्यातील क्षार जवळजवळ नाहीसे झालेले असतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतो. ते पाणी २४ तास उघड्या बादलीत ठेवावे किंवा दुकानात मिळणारे क्लोरीननाशक द्रावण घालावे. छायाचित्रणाच्या जुन्या काळोख्या खोल्यांत वापरला जाणारा ‘हायपो’ तो हाच. गंगेचे पाणी थेट पेटीत भरण्याचा मोह काही भाविक मंडळींना होतो. नदीच्या पाण्याबरोबर गाळ, परोपजीवी जंतू आणि प्रदूषके येतात. गंगाजलाचे स्थान देवघरातच असावे.

पेटी आणि तिचा तळ

कोरी तळावर जगणारा मासा असल्याने पेटीची उंची त्याच्या दृष्टीने दुय्यम आणि तळाचे क्षेत्रफळ महत्त्वाचे. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावते. सहा लहान कोरींसाठी ही किमान मर्यादा समजावी. अडीच-तीन फुटांची पेटी मिळाल्यास अधिक बरे. काच, वाळू, पाणी मिळून छोट्या पेटीचेही वजन सत्तर-ऐंशी किलोच्या घरात जाते. टीव्हीच्या डळमळीत टेबलावर ती ठेवू नये, हे वेगळे सांगावयास नको; तरीही ती तेथेच ठेवलेली दिसते.

घाटालगतच्या सखल गल्लीत तळमजल्यावर राहणाऱ्यांनी पुराचाही विचार करावा. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे आणि १९७८ साली पाणी ७३.९ मीटरपर्यंत चढले होते. पुराचे पाणी घरात शिरले की उघड्या पेटीतील मासे त्याच पाण्याबरोबर नदीत जातात. कोणी सोडण्याची गरजही उरत नाही. अशा घरात पेटी वरच्या मजल्यावरच असावी.

तळाशी बारीक, गोलसर कणांची वाळू दोन-तीन सेंटीमीटर जाडीची पसरावी. कोरी तोंडात वाळू घेतो, त्यातील अन्नकण निवडतो आणि वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडतो. हे दृश्य म्हणजे त्यास पाळण्यातील निम्मे सुख आहे. दुकानातील रंगीबेरंगी टोकदार खड्यांवर त्यास हे करता येत नाही. अशा खड्यांत अडकून सडणारे अन्न आणि खड्यांच्या धारदार कडा यांमुळे त्याच्या मिशा झिजतात, क्वचित मुळापासून नाहीशा होतात. आणि मिशा हेच त्याचे अन्न हुडकण्याचे साधन. बांधकामाची नदीची वाळू चाळून, पाणी नितळ येईपर्यंत दहा-बारा वेळा धुतल्यास चालते. कोरड्या वाळूवर व्हिनेगरचे काही थेंब टाकून पाहावे. बुडबुडे आले तर त्यात चुन्याचा अंश आहे आणि ती पाणी आणखी जड करील.

नवीन पेटीत पहिल्याच दिवशी मासे सोडणे ही सर्वांत अधिक प्रमाणात आढळणारी चूक. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिले दोन्ही पदार्थ माशांना विषारी. तिसरा बराच निरुपद्रवी आणि पाणी बदलून काढता येण्याजोगा. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात, आणि ती वस्ती स्थिर होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या व्यक्तीच्या जुन्या, निरोगी पेटीतील स्पंजाचा तुकडा मिळाला तर हा काळ बराच कमी होतो. त्यानंतर दर आठवड्यास एक-चतुर्थांश पाणी बदलावे आणि स्पंज नळाखाली न धुता पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. खर्चाचा हिशेब मांडू पाहणाऱ्याच्या लक्षात येईल की, माशाची किंमत ही या सर्व खर्चातील सर्वांत लहान रक्कम आहे. वीज, अन्न आणि दर रविवारचा अर्धा तास ही आवर्ती बाजूच मोठी. आणि कोरीचे आयुष्य दहा वर्षांपर्यंत असू शकते. एखाद्या दीर्घ मुदतीच्या ठेवीप्रमाणे, मुदतीपूर्वी मोडण्याचा विचार मनात ठेवून हा छंद सुरू करू नये.

संगत आणि आहार

कोरी एकटा ठेवू नये. निसर्गात तो कधी शेकडोंच्या थव्याने हिंडतो. एकटा कोरी कोपऱ्यात लपून बसतो, खात नाही आणि पाहणाऱ्यास तो ‘आळशी मासा’ वाटतो. एकाच जातीचे किमान सहा ठेवले की तेच मासे दिवसभर वाळूत खेळताना दिसतात. प्रत्येक जातीचा एकेक नमुना ठेवण्याचा हौशी मंडळींचा कल असतो. कोरीच्या दृष्टीने ते सहा एकाकी मासेच होत. गप्पी, छोटे टेट्रा, रासबोरा यांच्याबरोबर तो गुण्यागोविंदाने नांदतो. गोल्डफिशला थंड पाणी लागते आणि त्याची घाणही फार. ती जोडी टाळावी. ऑस्करसारख्या मोठ्या माशाने कोरी गिळल्यास काट्यामुळे दोघेही मरतात.

‘उरलेसुरले खाऊन जगतो’ हा कोरीबद्दलचा आणखी एक गैरसमज. वरच्या माशांनी खाऊन उरलेले तळाशी फारसे पोहोचत नाही आणि कोरी उपाशी राहतो. त्यासाठी बुडणाऱ्या गोळ्या स्वतंत्रपणे, शक्यतो दिवे मालवल्यावर, टाकाव्यात. गोठवलेले लाल किडे आठवड्यातून एक-दोनदा द्यावेत. दुकानात जिवंत मिळणारे ट्युबिफेक्स किडे बहुधा सांडपाण्याच्या नाल्यांतून काढलेले असतात आणि त्यांच्याबरोबर रोगही येतो; ते न दिलेलेच बरे.

मासा मलूल दिसला की पेटीत चमचाभर जाडे मीठ टाकण्याची आपल्याकडील पद्धत गोल्डफिशच्या बाबतीत ठीक असेल. कोरीला मीठ फारसे मानवत नाही आणि तांबेयुक्त औषधांनाही तो फार नाजूक आहे. प्रथम पाणी बदलावे; बहुतेक तक्रारी तेथेच संपतात. नवीन आणलेले मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या पेटीत ठेवण्याची शिस्त पाळली तर औषधाची वेळ सहसा येत नाही.

पाऊस आणि पिल्ले

पेटीत कोरीची पैदास करण्यासाठी पालकाने पावसाची नक्कल करावी लागते. दक्षिण अमेरिकेतील नद्यांना पावसाळी पूर आला की थंड, मऊ पाणी येते आणि कोरी अंडी घालतात. काही दिवस भरपूर आहार देऊन मग दोन-तीन अंश थंड पाण्याने नेहमीपेक्षा मोठा बदल केला की पुष्कळदा दुसऱ्या दिवशी सकाळी काचेवर मोत्यांसारखी अंडी चिकटलेली दिसतात. वाराणसीत जुलैचा पहिला दमदार पाऊस झाला की वातावरणातील बदलामुळे काही वेळा प्रयत्न न करताही हे घडते.

समागमाची रीत विलक्षण आहे. मादी नराच्या कुशीस तोंड लावते आणि दोघांची आकृती इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी होते. ब्राँझ कोरीवरील जपानी संशोधकांच्या १९९५ सालच्या अभ्यासानुसार मादी त्या वेळी नराचे शुक्राणू गिळते, ते तिच्या आतड्यातून वेगाने पार होतात आणि पोटाखालच्या परांची ओंजळ करून धरलेल्या अंड्यांपर्यंत पोहोचतात. मग ती अंडी घेऊन ती काचेवर किंवा पानावर नेऊन चिकटवते. पुढे आई-वडील स्वतःच ती खाऊ लागतात, म्हणून एखाद्या पत्त्याने अंडी अलगद खरवडून वेगळ्या भांड्यात हवेच्या मंद बुडबुड्यांखाली ठेवावीत. तीन ते पाच दिवसांत पिल्ले बाहेर येतात. नुकतेच उबवलेले आर्टेमिया हा त्यांचा पहिला आहार.

शेवाळ खाणारा मासा हवाच असेल तर

कोरी शेवाळ खात नाही. याबाबत ग्राहकाची निराशा होऊ नये. काचेवरचे शेवाळ आठवड्यातून एकदा स्पंजने पुसणे हा सर्वांत स्वस्त उपाय. दिव्याचा काळ आठ तासांपेक्षा कमी केला तरी शेवाळ घटते. मासाच हवा असल्यास दोन छोटे पर्याय आहेत. ओटोसिंक्लस हा चार-पाच सेंटीमीटरचा, शांत, परंतु नाजूक मासा. जुन्या, स्थिर पेटीतच तो टिकतो. दुसरा ब्रिसलनोज, ज्याच्या नराच्या नाकावर मांसल काटेरी मिशा उगवतात. तो फार तर पाच-सहा इंचांचा होतो.

मात्र ब्रिसलनोजचे पिल्लू आणि सकरचे पिल्लू दुकानात सारखीच दिसतात, आणि गोंधळ होतो तो नेमका येथे. अशा वेळी पाठीवरील पर पाहावा. गंगेत सापडलेल्या सकरच्या गटातील माशांच्या या परात पुढील काट्यामागे नऊ किंवा त्याहून अधिक काड्या असतात आणि पर उभारला की शिडासारखा दिसतो. ब्रिसलनोजचा पर आखूड, साधारण सात काड्यांचा. विक्रेत्यास घाई असली तरी ग्राहकाने काड्या मोजून घ्याव्यात. नोटा मोजून घेणाऱ्यास यात अवघड काही नाही.

गंगार्पण

सकर नदीत सोडणाऱ्यांपैकी फार थोड्यांचा हेतू वाईट असतो. काशीत तर जीव गंगेत सोडणे ही पुण्याचीच गोष्ट वाटते. माशाला मारले नाही, विकले नाही, गंगार्पण केले! घाटांवर व कुंडांवर माशांना कणकेच्या गोळ्या घालणाऱ्या शहरात ही भावना समजण्यासारखी आहे. परंतु हे अर्पण नदीला जड जाते. सकरच्या चिलखतामुळे गंगेतील फार थोडे मासे वा पक्षी त्यास खाऊ शकतात. प्वेर्तो रिकोमध्ये असे मासे गिळण्याच्या प्रयत्नात पाणपक्षी गुदमरून मेल्याची नोंद आहे. तो कमी प्राणवायूच्या घाण पाण्यातही जगतो, कारण त्याचे पोटही हवेतून श्वसन करण्यास समर्थ आहे. नर काठाच्या मातीत लांब बिळे खणतो आणि त्यांत अंडी राखतो. मेक्सिको आणि अमेरिकेतील फ्लॉरिडा, टेक्सास येथे अशा बिळांनी काठ खचले आहेत. मेक्सिकोतील इन्फिएर्निओ जलाशयात एकेकाळी तिलापियाने भरून येणारी जाळी सकरने भरू लागली आणि कोळ्यांच्या उपजीविकेवर संकट आले.

भारतात हे चित्र दूरचे राहिलेले नाही. केरळ, तमिळनाडू, आंध्र प्रदेशातील तलाव व कालवे आणि कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळ प्रदेश येथे सकर रुजल्याच्या नोंदी आहेत. आंध्रात त्यास ‘डेव्हिल फिश’ म्हणतात. बाजारात त्यास भाव नाही, त्याचे काटे जाळी फाडतात आणि खाद्यमाशांसाठी टाकलेले अन्न तो फस्त करतो. मल्लाहाच्या दृष्टीने तो निव्वळ तोटा आहे. २००९ साली राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित झालेला गंगेतील डॉल्फिनही याच नदीतील माशांवर जगतो, याचे स्मरण येथे ठेवावे.

कोरी आकाराने लहान आणि निरुपद्रवी असला तरी त्यालाही हाच नियम लागू आहे. पेटीतील मासा नदी, तलाव, विहीर किंवा कुंड यांत सोडू नये. त्याच्याबरोबर परक्या प्रदेशातील परोपजीवीही पाण्यात जातात.

हा प्रश्न बँकेतील कर्मचाऱ्यांच्या घरात एका ठरावीक दिवशी हमखास उभा राहतो : बदलीचा आदेश हाती पडतो तेव्हा. सामान बांधले जाते, मुलांचे दाखले निघतात, आणि पेटीचे काय करावयाचे हे शेवटच्या संध्याकाळपर्यंत ठरलेले नसते. दीड फुटाच्या सकरला अशा वेळी कोणी वाली नसतो. दुकानदार तो परत घेत नाही, शेजाऱ्याच्या पेटीत तो मावत नाही, रेल्वेच्या डब्यात तो नेता येत नाही. सहा कोरींचे मात्र काहीही अडत नाही. झाकणाच्या बादलीत अर्धे पाणी, बॅटरीचा पंप, आदल्या दिवशी उपवास आणि वर ओले फडके, एवढ्या तयारीने ते एका रात्रीचा प्रवास बहुधा निर्विघ्नपणे करतात. पिशवीत न्यावयाचे झाल्यास ती दुहेरी असावी, कारण त्यांचे काटे प्लॅस्टिक फाडतात. पिशवीत एक-तृतीयांश पाणी व उरलेली हवा ठेवावी. काही जातींचे मासे घाबरले असता विषारी स्राव सोडतात, असे अनुभवी पालकांचे निरीक्षण आहे. म्हणून बंद करण्यापूर्वी पिशवीतील पाणी एकदा बदलावे.

नेणे शक्यच नसेल, तर पेटी माशांसह शाखेतील सहकाऱ्यास, परिचितास किंवा एखाद्या शाळेस द्यावी आणि फिल्टरचा स्पंज न धुता, त्याच पाण्यात बुडवून सोबत द्यावा, म्हणजे नव्या घरी पाणी पहिल्या दिवसापासून स्थिर राहते. पेटीतील वनस्पती उन्हात कडक वाळवून मगच कचऱ्यात टाकाव्यात. त्यांवर गोगलगायींची अंडी असतात. काढलेले पाणी नाल्यात न ओतता अंगणातील किंवा गच्चीवरील कुंड्यांना घालावे. त्यातील नायट्रेट हे झाडांचे खतच आहे, आणि तुळस त्याने विशेष जोमाने वाढते.